पुलीवरची खूण

॥ श्री ॥
जव्हार, दि. ११ जानेवारी १९९८

सौ. ताईस,

सुदर्शनचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तुझ्या दोन पत्रांना मिळून हे एकच उत्तर, तेव्हा आधीच कान पकडतो. आई बरी आहे. तुझ्यासाठी खुरासणीची चटणी कुटून ठेवली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते म्हणाली.

आता काळजीचं. बाबांना ऐकू कमी येतंय असा मला संशय आहे. समोर उभं राहून बोललं की नीट उत्तर देतात, गिऱ्हाइकांशी थट्टामस्करीही चालते. पण परवा मागून एसटीने हॉर्नवर हॉर्न दिले तरी जागचे हलले नाहीत. आईला सांगितलं तर म्हणते, माझं तर ते लग्नापासूनच ऐकत नाहीत.

तू हसशील, पण ट्रस्टच्या दवाखान्याची जीप आपल्या गॅरेजवर आहे. पाड्यापाड्यातली माणसं त्या एका गाडीवर अवलंबून. बाबा तिच्या ठिणगीचं टाइमिंग कानाने लावतात, हे सगळ्या जव्हारला ठाऊक आहे. इंजिन चालू ठेवायचं, डोळे मिटायचे, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा. आता कानच गेले असतील तर? नवे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, मिस्त्रींचं वय झालं, शंका असेल तर गाडीचं काम नाशिकच्या गॅरेजला देऊ. ती गाडी गेली तर बाबा घरात बसतील, आणि घरात बसलेले बाबा मला बघवणार नाहीत. तू कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये आहेस. ठिणगी वेळेवर पडते का ते दाखवणारा दिवा असतो ना, तसा एक करून देशील? बाबांना यातलं काही कळवू नकोस.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, दिव्यासकट वाढवावा.

तुझा सुदर्शन

॥ श्री ॥
नाशिक, दि. २४ जानेवारी १९९८

चि. सुदर्शन यास,

अनेक आशीर्वाद. तुझं अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे. ते वाचून दिवा बनवला, यातच माझं कौतुक कर.

आत कॅमेऱ्याच्या मोडक्या फ्लॅशमधली नळी आहे, बाकी सर्किट लॅबच्या भंगारातून जमवलं. लाल-काळी वायर बॅटरीला आणि चिमटा पहिल्या प्लगच्या वायरीवर लाव. त्या प्लगला ठिणगी पडली की तेवढ्याच क्षणी दिवा चमकतो. इंजिनची पुली गरगर फिरत असली तरी दर वेळी ती त्याच जागी आल्यावर उजेड पडतो, म्हणून तिच्यावरची खूण थांबल्यासारखी दिसते. ती इंजिनवरच्या काट्यासमोर थांबली तर टाइमिंग बरोबर. फार वेळ चालवू नकोस, नळी तापते.

बाबा गिऱ्हाइकांशी थट्टा करतात हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. माझ्याशी फोनवर तीनच शब्द असतात: हो, बरं, ठेवतो. मी माझ्या मनाने लग्न केलं ते त्यांना लागलं असणार. दिवाळीला एसटीडीच्या बूथमध्ये उभी राहून विचारलं, बाबा, अजून राग आहे का? म्हणाले, हो हो, आणि फोन ठेवला. बाहेर रांग होती, सगळ्यांदेखत रडायची सोय नव्हती. हे तुझ्यापाशीच ठेव.

आईला सांग, चटणी पोचली आणि संपली.

तुझी ताई
उज्ज्वला

॥ श्री ॥
जव्हार, दि. १५ फेब्रुवारी १९९८

सौ. ताईस,

शि. सा. नमस्कार. अक्षराला आज नावं ठेवू नकोस.

बाबा एका साखरपुड्याला जामसरला गेले होते तेव्हा दिवा लावून बघितला. खूण काट्यापासून बोटभर लांब! मला रडू आलं. बाबांचं टाइमिंग एवढं चुकलं, आणि ते मलाच दिसलं. मी डिस्ट्रिब्युटर फिरवून खूण काट्यासमोर आणली. सपाटीला गाडी नीट चालली. कोणाला काही बोललो नाही.

चौथ्या दिवशी ढवळू ड्रायव्हर पोशेरा गावच्या सकूला जीपमधून दवाखान्यात घेऊन निघाला. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. चढावर गाडी ओढेना. पहिल्या गिअरमध्येही धापा टाकू लागली, रेडिएटरमधून वाफ, आणि मध्येच उभी राहिली. निरोप आला तसा मी बाबांना स्कूटरवर घेऊन गेलो. आम्ही पोचेपर्यंत बरोबरच्या बायडी नर्सने जीपमध्येच बाळंतपण केलं होतं. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, पण सकूचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिला दवाखान्यात नेणं भाग होतं.

बाबांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला टेकवलं आणि त्याची मूठ दातांत धरली. ताई, त्यांना कानाने खरंच ऐकू येत नाही. इंजिन ते दातांनी ऐकतात! दोन मिनिटांत डिस्ट्रिब्युटर होता तिथे आला आणि गाडी चढ चढून गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कोणाचं काम? मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, गाडी माझ्या हातची, चूक माझी. परतताना मी दिव्याचं सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की सहा वर्षांपूर्वी पुली तडकली तेव्हा भंगारातून दुसऱ्या गाडीची आणून बसवली, तिच्यावरची खूण आपल्या इंजिनाची नाहीच. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं, म्हणाले.

गाडी एक तारखेपासून नाशिकला जाणार. मला काय करावं सुचत नाही.

तुझा
सुदर्शन

॥ श्री ॥
नाशिक, दि. २१ फेब्रुवारी १९९८

ती. बाबांस,

उज्ज्वलाचा शि. सा. नमस्कार. सुदर्शनने सगळं कळवलं. दिवा मी पाठवला होता, चोरून. म्हणजे त्याच्या चुकीत निम्मा वाटा माझा. ठिणगी कधी पडते ते दिव्याने खरंच सांगितलं होतं, पण खूण कोणी आणि कुठल्या गाडीवर केली हे त्याला काय ठाऊक? ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्हालाच आम्ही विचारलं नाही. शिकून आम्ही एवढंच शिकलो याची लाज वाटते. डॉक्टरांना मी वेगळं पत्र घातलं आहे. सुदर्शनलाही लिहिलंय की स्वतः जाऊन कबूल कर.

बाबा, एक विचारू? स्क्रू ड्रायव्हर दातांत धरायला कधीपासून लागलात? दिवाळीला मी फोनवर विचारलं होतं, माझ्यावर अजून राग आहे का. तुम्ही हो म्हणालात. तेव्हापासून रोज तेच कानात घुमतंय. मी काय विचारलं ते तुम्हाला ऐकू तरी आलं होतं का?

आईला नमस्कार. माया आहे ना, एवढं कळवावं.

तुमची
उज्ज्वला

श्री
जव्हार, ता. ५ मार्च १९९८

चि. सौ. उज्ज्वलास,

बाबाचे आशीर्वाद. मी चौथी शिकलो, चुकलं तर सांभाळून घे.

सुदर्शन डॉक्टरकडे जाऊन सगळं बोलला. पोराची मान खाली होती, पण गेला. डॉक्टर स्वतः गॅरेजवर आले. आधी मी पहिल्या प्लगच्या भोकातून तार घालून अंदाज घेत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, पुरा वर आणला आणि तिथे काट्यासमोर पुलीवर छिन्नीने आपली खूण पाडली. मग डॉक्टरांनी तीनदा टाइमिंग बिघडवलं. मी तीनदा लावलं, दातात मूठ धरून, डोळे मिटून. सुदर्शन तुझा दिवा धरून बसला. तिन्ही वेळा खूण काट्यासमोर आली म्हणतात. मी नंतर पाहिलं. एवढी पुली फिरते आणि खूण जागेवर उभी, गंमत वाटली. दिवा चांगला आहे. मला विचारून बनवला असता तर आणखी चांगला झाला असता.

गाडी आपल्याकडेच राहिली. सकू पोरीला घेऊन दाखवायला आली होती. पोरगी खूप रडते असं तुझी आय सांगते. मला दिसलं, ऐकू आलं नाही.

ऐकू येणं दोन वर्षांपासून गेलं. कोणाला कळलं तर गाड्या यायच्या बंद होतील म्हणून बोललो नाही. स्क्रू ड्रायव्हर तेव्हापासून दातात धरतो, कोणी बघत नसताना. तोंड बघून समजतं. फोनला तोंड नाही. तू काय बोलतेस ते कळत नव्हतं, म्हणून हो म्हणायचो, बरं म्हणायचो आणि ठेवायचो.

तू विचारलंस त्याचं उत्तर नाही असं आहे. राग नाही. लग्नाच्या दिवशी पण नव्हता. आजवर एवढ्या गाड्यांचं टाइमिंग लावलं, हे एक माझं चुकलं. दिवाळीचं उत्तर मार्चात देतो.

बोहाड्याच्या उत्सवाला दोघं या. समोर बसून बोल.

तुझा बाबा
मंगळू