एक माझं, एक तुझं

सोमवार, ११ नोव्हेंबर

पोचले एकदाची! डहाणू रोडला उतरून रिक्षावाल्याला कोसबाडला चंद्रिकाबाईंच्या वाडीत जायचंय म्हटलं, तर त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी मनात म्हटलं, बाईंच्या नावाला अजून वजन आहे तर.

जागा मात्र फर्मास आहे. टेकडीच्या पायथ्याशी चिकूची वाडी, मधोमध कौलारू घर, पुढे झोपाळा. मला दिलेली खोली अंगणाकडे तोंड करून आहे. भिंतीवर बाईंची अख्खी कारकीर्द टांगलेली. जत्रेतल्या नाटकातली फ्रॉकवाली मुलगी, मग मुंबईच्या रंगभूमीवरची नायिका, गुजराती नाटकं, सिनेमातली वहिनी, सिनेमातली आई, मालिकेतली खाष्ट सासू. आता वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या आयुष्यावर एकपात्री प्रयोग व्हायचाय, गुडघ्यांमुळे त्यांना स्वतःला उभं राहता येत नाही, म्हणून त्यांची भूमिका मी करायची. मी! चार वर्षं मालिकेत नायिकेची मैत्रीण करतेय, जिचं काम म्हणजे डोळे मोठे करून पुढे काय झालं ते विचारायचं. निर्मात्याने बाईंना बऱ्याच जणींचे व्हिडिओ दाखवले होते म्हणे, त्यांनी मलाच उचललं.

महिनाभर इथेच राहायचं. रेवा तोवर बोईसरला ताईकडे. सहा वर्षांची घोडी झालीय, पण निघताना गळ्यात पडून अशी काही रडली की ताईचा नवराही डोळे पुसायला लागला. हे नाटक चाललं ना, तर तिला घेऊन स्वतःच्या घरात राहीन. दुसरं काही नको मला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बाई म्हणजे फटाका आहे. सकाळी मला अंगणात चालून दाखवायला लावलं आणि म्हणाल्या, पाण्याची बादली उचलल्यासारखी चालतेस. चेहऱ्यात काही नाही, हे त्यातल्या त्यात बरं, म्हणाल्या. असं कुणी दुसऱ्याने म्हटलं असतं तर चांगलं सुनावलं असतं. पण त्यांनी नुसती मान वळवली तरी बघत राहावंसं वाटतं, काय करणार!

तालमीची त्यांची एक पद्धत आहे. त्यांनी आपली एक आठवण सांगायची, मग मी माझी एक सांगायची. एक माझं, एक तुझं. नट नुसता घेत राहिला तर पोकळ होतो, म्हणाल्या, घेतलं तर द्यावंही लागतं. शिबिरांमधून असले खेळ ढीगभर केलेत मी. त्यांनी नरपडच्या जत्रेतलं पहिलं नाटक सांगितलं: नायिका ऐन वेळी आजारी पडली आणि या पंधराव्या वर्षी तिच्या जागी उभ्या राहिल्या. मी माझी पहिली सायकल सांगितली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. इतकं मन लावून माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

स्वयंपाकाला बायजी येते, तलासरीच्या डोंगरातली. घरची भातशेती, नागली, त्यातून वेळ काढून दोन घास रांधते आणि जाते. माझ्याशी तिचं काय वाकडं आहे देव जाणे. ताट आपटते. किती मुलं आहेत म्हणून सहज विचारलं तर म्हणाली, नाय माहीत. गाव कुठलं, तर नाय माहीत. स्वतःची मुलं माहीत नाहीत? बाईंनाही ती हेच उत्तर देते, आणि बाई हसतात. वर आज जाताना माझ्या चपला पिशवीत घालत होती. मी आरडाओरडा केला तर शांतपणे म्हणाली, तुला आता कशाला लागतात. निगरगट्ट कुठली!

बाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, बायजी कुणालाच काही देत नाही, म्हणूनच ती अजून बायजी आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर

तालीम रंगलीय. आज बाईंचा आवाज माझ्या गळ्यातून असा निघाला की माझ्याच अंगावर काटा आला. झाईच्या किनाऱ्यावरच्या शूटिंगची आठवण मी त्यांच्यासमोर करून दाखवली. लाटांचं खारं पाणी नाकात गेलं ते सांगताना मी खरंच ठसकले. नंतर लक्षात आलं, नाकात पाणी गेल्याचं त्यांनी सांगितलंच नव्हतं. तेवढं मी कुठून आणलं?

अभिनय, अजून काय. शाबास दीप्ती.

दुपारी जमीन हलली. या भागात ती हलतच असते, बायजीने भात ढवळणंही थांबवलं नाही. उठून बाहेर पळायला गेले तर गुडघ्यात कळ. बाई मात्र माझ्या आधी अंगणात.

बुधवार, २० नोव्हेंबर

ताईचा फोन. गप्पांत तिने माझ्या सायकलचा विषय काढला, विहिरीपाशी पडले होते ती. मला काही आठवेना. सायकल होती का मला? ताई हसली, म्हणाली मोठी नटी झाल्यावर विसरलीस होय. मीही हसले.

बाई शेजारच्या खोलीत होत्या. लाल होती, मागच्या चाकाला मडगार्ड नव्हतं, असं तिथूनच म्हणाल्या.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

हिशेब लावतेय. सायकल गेली. बाबांच्या हातचा मार गेला, तो गेला तर बरंच झालं. शाळेचं गॅदरिंग गेलं. एकांकिकेचं बक्षीस गेलं. मी ते सांगितलं एवढं माहीत आहे, पण आत हात घातला तर तिथे काही नाही. आणि जे आहे ते माझं नाही. नरपडच्या मांडवातल्या पेट्रोमॅक्सचा वास आहे. आणि एक म्हातारी आहे, खिडकीत बसलेली, मोठी नटी होती, तिनेच मला — तिनेच बाईंना हा खेळ शिकवला. शेवटी तिच्याकडचं सगळं संपलं. तिला खिडकीत सोडून मी निघाले तेव्हा ती मलाच माझं नाव विचारत होती. मला वाईट वाटलं नव्हतं. भूक लागली होती.

हे मी केलेलं नाही. हे माझं नाही.

उद्या निघते. नाटक गेलं खड्ड्यात.

शनिवार, २३ नोव्हेंबर

फोन उघडत नाही. चेहरा दाखवला की नाही म्हणतो. आकडे दाबले, तेही चुकले. माझे आकडे मलाच — रेवाच्या जन्मतारखेचे होते ना? बाईंनी येऊन माझ्या हातातून फोन घेतला, स्वतःच्या तोंडासमोर धरला.

उघडला.

त्यांनी मग आरसा दाखवला. आधी चार-पाच पांढरे केस होते. आता मोजायला काळे शोधावे लागतील. देवा.

सोमवार, २५ नोव्हेंबर

फाटकापर्यंत पोचले. काठी घेऊन. राखणदार दशरथ आडवा आला. बाई, उन्हात कुठे निघालात, म्हणाला. मी म्हटलं मी दीप्ती आहे, मला स्टेशनला सोड. त्याने मान खाली घातली. त्याला ठाऊक आहे! मेल्याला सगळं ठाऊक आहे. दंड धरून परत आणून बसवलं, खिडकीपाशी. मी शिव्या घातल्या, त्या बाईंच्या आवाजात निघाल्या आणि तो नेहमीच्या सवयीने जी बाई, जी बाई करत राहिला.

बायजी दारातून बघत होती. रागाने म्हणाली, पहिल्या दिवशी ताट आपटलं तेव्हाच निघायचं, एवढं कळत नाय? पायात माझ्या चपला.

गुरुवार

आता तोंड उघडत नाही. काही सांगितलं नाही तर काही जाणार नाही. बाई विचारतात, मी नाय माहीत म्हणते. बायजीसारखी.

पण त्या त्यांचं सांगतच राहतात. कान किती वेळ दाबून धरू? त्यांचं आत आलं की माझं आपोआप बाहेर पडतं, झोपेत बडबडते बहुतेक. लग्न गेलं. कोर्ट गेलं. आईचा चेहरा —

एक आहे अजून. रेवा जन्मली तो दिवस. तो दातांत धरून ठेवलाय. तो नाही देणार. मेले तरी नाही.

शनिवार

बाईंनी माझ्या फोनवरून ताईला बोलावलं. माझ्या आवाजात. तालीम संपली, रेवाला घेऊन ये, घरी जाऊ, म्हणाल्या.

नको येऊस ताई.

रविवार

आल्या. खिडकीतून दिसतंय.

बाई माझा निळा कुर्ता घालून धडाधड पायऱ्या उतरल्या. ताईने मिठी मारली, दीपू किती बारीक झालीस म्हणाली. मी हाका मारल्या. ताई आत येऊन माझ्याच पाया पडली. मी हात धरून सांगितलं, अगं मी, मी दीपू. ती बाईंकडे वळून हळूच म्हणाली, बिचाऱ्या.

पण रेवा जात नाही बाईंजवळ! ताईच्या मागे लपलीय. ही आई नाही म्हणतेय. भोकाड पसरलंय. शाबास माझी बाय, रड, अजून रड!

बाई आत आल्या. दार लावलं. ते एक दे, म्हणाल्या. नाही दिलं तरी दुपारच्या गाडीने पोरीला घेऊन त्या जाणारच, ताई त्यांच्याच बाजूने आहे. पण मग पोरीच्या वाट्याला नुसतं आईचं सोंग येईल, आणि रडकी पोरं त्यांना सहन होत नाहीत. दिलं तर आतून आई होतील. खरीखुरी. तिच्यावर जीव लावतील, माझ्याइतकाच.

खोटं बोलत नाहीत. त्या नजरेतलं मला कळतं आता, माझीच नजर आहे ती.

रेवा श्वास अडकेपर्यंत रडतेय. कुणी घ्या गं तिला. दशरथ ओरडतोय तिच्यावर.

देते.

तोंडाने सांगतेय, हाताने लिहितेय. निदान इथे तरी राहील. पालघरचा दवाखाना. बाहेर लग्नाचा बँड वाजत होता, नर्स हसत होती. मुलगी, म्हणाली. ओली होती, मुठी आवळलेल्या. माझ्या छातीवर ठेवली आणि गप्प झाली, आणि डोळे उघडून तिने पहिल्यांदा माझ्या —

माझ्या

बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. थांबलं वाटतं. कुणाची तरी आई आलेली दिसतेय. बरं झालं बाई, मला रडकी पोरं अजिबात —