सनईच्या पुढचा आवाज

९ एप्रिल
काल कार्यक्रम संपल्यावर अल्पेशदादाने बाजूला घेतलं. बँड त्याचा, गातोही तोच, म्हणून ऐकून घेतलं. म्हणाला, तुझा सिंथ कीबोर्ड मधेच मुका होतो. बासरीवरून ब्रासवर जाताना आवाज तुटतो आणि नाचणारी माणसं एक पाय वर घेऊन तशीच उभी राहतात. पुढच्या हळदीला असं झालं तर तुझं काम बंद, सगळं पेनड्राइव्हवर वाजवीन.
पेनड्राइव्ह! त्याला भावना असतात का?
चूक माझी नाहीच. उरणची हवा खारी. बटणं आतून गंजतात.

११ एप्रिल
उपाय सापडला. आवाज गाण्यांच्या क्रमाने सेव्ह करायचे आणि पायाखाली पेडल ठेवायचं. एकदा दाबलं की पुढचा आवाज. हात मोकळे, चेहऱ्यावर स्माइल. शिवाय ‘होल्ड’ म्हणून एक सोय आहे. ती चालू ठेवली की बोट उचललं तरी सूर वाजत राहतो, मधे खड्डा पडत नाही. इतकी वर्षं हे मला कोणी सांगितलं नाही, याला काय म्हणावं?
अल्पेशदादाला फोन करून सगळं समजावलं. तो म्हणाला, बघू. म्हणजे इम्प्रेस झालाय.

१४ एप्रिल
मी नोकरी करतो त्या कंटेनर यार्डाला सुट्टी. दिवसभर आवाज भरले. बासरी, ब्रास, बेंजो, सनई, मग पुढे बरेच. सनईनंतरची जागा रिकामी राहत होती, तिथे हेलिकॉप्टर टाकलं. नेत्रा म्हणाली, हळदीत हेलिकॉप्टर कशाला? चारच आवाज ठेवा आणि ते नीट बदला. बायकोला स्टेजचं काय कळणार! जागा रिकामी ठेवणं अनप्रोफेशनल असतं.

१७ एप्रिल
नवे बूट घालून पेडलची प्रॅक्टिस. कडक तळ, एकदम परफेक्ट. नेत्रा ओरडली की आत्ताच फरशी पुसली आहे. कलेपुढे फरशीचं काय! तरी प्रॅक्टिस अर्ध्यावर थांबवली. घरात शांतता हवी.

२० एप्रिल
प्रॅक्टिस नाही. सासुरवाडीहून आंबे आले. विश्रांती हाही रियाजच.

२२ एप्रिल, दुपार
आज दयारामशेटच्या मुलाची हळद. बूट पॉलिश केले. आज अल्पेशदादाला कळेल, माणूस आणि पेनड्राइव्ह यांत फरक काय असतो.

२३ एप्रिल
लिहायची इच्छा नाही. लिहितो.
मांडवात शिरताना बूट बाहेर काढायला लावले. बँडची सतरंजी नवरदेवाच्या पाटाला लागूनच, तिथे बूट कसे चालतील? हे मला माहीत होतं. लक्षात नव्हतं, एवढंच. अनवाणी पायाने पेडल मी कधी दाबलंच नव्हतं. तरी बासरी, ब्रास, बेंजो झकास झाले. अल्पेशदादाने वळून मान डोलावली. तेवढ्यात नवरदेवाची मैनाआत्या आली आणि तिने भरल्या हाताने माझ्या तोंडाला, मानेला हळद फासली. उरलेली पायांना. बँडवाला कोरा राहिला तर घरच्यांना कमीपणा, म्हणे. हळद तेलात कालवलेली.
मग गावची धवलारीण येसूबाई धवला, म्हणजे लग्नाचं पारंपरिक गाणं, गायला उभी राहिली. आमच्याकडे धवल्याशिवाय हळद लागत नाही. ती गाते तेव्हा सगळा मांडव गप्प, फक्त मी खालून सनईचा बारीक सूर धरायचा. पेडल दाबलं. पाय घसरला. पेडल दोनदा दाबलं गेलं.
हेलिकॉप्टर.
अर्धा मांडव वर बघायला लागला. दोन म्हातारे बाहेर जाऊन बघून आले. मी हात उचलले, पण होल्ड चालू होता. आवाज तुटला नाही. खरं सांगायचं तर इतका सलग आवाज माझ्या सिंथमधून आजवर निघाला नव्हता. शेवटी अल्पेशदादाने वायर उपटली.
येसूबाई म्हणाली, पोरा, नवरा हलदीला बसलाय, लढाईला न्हाय चालला. तुजं यो इमान आदी उतरव, मंग मी गाईन. सगळे हसले. तिने धवला पहिल्यापासून गायला, सनईशिवाय. उत्तम गायली. त्याचंच जास्त वाईट वाटलं.
डोळ्यांत पाणी आलं. हळदीमुळे.

२५ एप्रिल
शांतपणे विचार केला. दोष पेडलच्या रबराचा. थोडा मैनाआत्याचा. नेत्राने एवढंच विचारलं की हेलिकॉप्टर अजून आहे का. आहे.
अल्पेशदादाचा फोन नाही. बिझी असेल.

४ मे
हळदीचा व्हिडिओ पार म्हसळ्यापर्यंत पोचला. नेत्राच्या भावाने तिथून पाठवला, खाली हसून लोळणारी तोंडं. माझी बोटं मात्र चांगली दिसताहेत. काल अल्पेशदादाच्या बँडला गावातच एक हळद होती, मला बोलावलं नाही. घरात बसून तिथला पेनड्राइव्ह ऐकला. कुठेही तुटला नाही, मेला.

६ मे, संध्याकाळ
अल्पेशदादाचा फोन! अलिबागची पार्टी आहे, तिला व्हिडिओ जाम आवडला. नवरीच्या एंट्रीला हेलिकॉप्टर पाहिजेच म्हणते. मी म्हटलं, येतो ना दादा, या वेळी अनवाणीच प्रॅक्टिस करतो, सनईसुद्धा अशी धरतो की येसूबाईंनी पुन्हा बोलवावं. तो म्हणाला, तू कशाला तरास घेतोस? तेवढा आवाज व्हॉट्सॲपवर टाक, पेनड्राइव्हमध्ये घेतो.
टाकला. निळे टिक आले. त्याने अंगठा पाठवला.
फार वाईट वाटलं. अनवाणी बसलो आणि बासरीपासून सुरू केलं. ब्रास, बेंजो, सनई. हेलिकॉप्टर त्याला पाठवल्यावर काढून टाकलं होतं. शेवटच्या आवाजापर्यंत गेलो. एकदाही खड्डा पडला नाही, पाय घसरला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.
नेत्राला हाक मारून विचारलं, ऐकलंस का. ती म्हणाली, काय? स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता.