ढब्बूचे हात

रविवार, १२ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळं ठीक. अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. न्हाणीघरात घसरले.

मन रमावं म्हणून परवा हे मला सिनेमाला घेऊन गेले. शेजारच्या काकू ढब्बूजवळ बसल्या. सिनेमा आपल्याच घरातला म्हण ना! असंच न बोलणारं मूल, अशीच आई. शेवटी पोरगा आईच्या गळ्यात पडतो आणि अख्खं थिएटर मुसमुसतं. मी मात्र कोरडी ठणठणीत. तो पोरगा आठ वर्षांचा गं! त्याला कोण घाबरणार? आपला ढब्बू सतरा वर्षांचा धिप्पाड झालाय, मिशी फुटलीय. पूर्वी गालगुच्चे घेणारे लोक आता जिन्यात भिंतीला चिकटतात. मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचे.

ताई, मी घसरले नाही.

मी त्याचे केस कापत होते. पार्लरमधून दमून आले तरी ते काम माझंच, दुसऱ्या कुणाला तो डोक्याला हात लावू देत नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी ड्रिल सुरू केलं. त्याने घाबरून माझा हात धरला आणि पिळला. मारायचं त्याच्या मनातही नव्हतं गं. डॉक्टरांना, ह्यांना, सगळ्यांना मी थाप मारली. नाहीतर लगेच म्हणतील, आता त्याला कुठेतरी ठेवा.

पण ते राहू दे. प्लास्टर घालून घरी आले, तर हा धावत दारात आला आणि मी दचकून मागे सरले. पोटच्या पोराला भ्याले! आणि त्याने ते पाहिलं. बोलता येत नाही म्हणून कळत नाही असं थोडंच आहे? तेव्हापासून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. स्वतःच्या हाताने घास घेत नाही. भरवायला गेले की मी हातभर लांब बसते. तो ते बघतो आणि आपले हात आणखी आत खुपसतो.

तू त्याला कधीच घाबरली नाहीस. त्याने तुझा चष्मा फोडला, तेव्हा "मेल्या, आता तुला ओळखू कशी?" म्हणत त्याचा चेहरा चाचपत बसलीस. किती खिदळला होता!

तू ये. त्याचे हात मांडीखालून काढ आणि माझ्यासमोर धरून बस. मला नुसतं बघू दे. माझी भीती जाईपर्यंत तो हात बाहेर काढायचंच विसरला, तर मी काय करू?

फोन करू नकोस, तो समोरच असतो, सगळं ऐकतो. सरळ निघ.

त्याची आई,
तुझी घाबरलेली धाकटी