हॉर्न वाजवू नकोस

क्लेटन,

काल चौकात बाबांचा पुतळा बसला. पाद्री म्हणाले, "मोंटानातल्या गुरांचा राजा!" शेजारचा म्हातारा ऑर्विल माझ्या कानाशी पुटपुटला, "राजा भाषणं देत फिरला, आयडा. बर्फात चारा तूच टाकलास." मी नुसती हसले. थकले रे आता. हे पत्रसुद्धा टपालपेटीत टाकेनसं वाटत नाही.

कळप विकायचा म्हणतोस, विकू. बाबांची आठवण म्हणून चाऱ्याची जुनी पिकअप हवीय, तीही ने. फक्त कुरणाशेजारून जाताना हॉर्न वाजवू नकोस. चारा आला समजून सगळ्या गाई कुंपणाशी धावत येतील. त्यांना रिकाम्या पोटी परत पाठवणं मला जमायचं नाही.

तुझी ताई,
आयडा