उतरवलेली भट्टी

प्रिय इंजिन,

आपली जुनी भट्टी परवा पुन्हा पेटली. सीमेपलीकडे जो नवा सिमेंट कारखाना उभा राहतोय, तिथे ती बसवली आहे, आणि पहिल्यासारखीच कोळशावर चालते आहे. हे मला भट्टीकाकांनी फोनवर सांगितलं, तिच्यासमोर उभं राहून. ही ऐकीव गोष्ट नाही. पेटवली त्यांनीच.

तू म्हणशील, काका तिकडे कसे पोचले? आपल्याकडची भट्टी बंद झाल्यापासून ते घरीच होते. ज्या माणसाने बाबांच्या हाताखाली काम शिकून सगळी उमर ज्वाळेचा रंग बघण्यात घालवली, तो घरी बसून काय करणार? काकू स्वयंपाक करत असल्या की मागे उभे राहायचे आणि गॅस कमी-जास्त करायला सांगायचे. काकू वैतागून म्हणायच्या, ‘तुमच्या सिमेंटला घाई असेल, माझ्या भाजीला नाही.’ मग एका ठेकेदाराचा निरोप आला, की पलीकडे एक भट्टी पेटवून द्यायची आहे, जाणता माणूस पाहिजे, काही महिन्यांचं काम आहे. काकूंनीच बॅग भरून दिली. तिथे गेल्यावर त्यांनी ती ओळखली नाही, कारण वरून नवा रंग दिलाय. पण आत बघायची जी छोटी खिडकी असते, तिचं झाकण उघडायला गेले तर हातात कढईचं झाकण आलं. मूळचं झाकण जळून गेलं तेव्हा काकांनी घरचं आणून बसवलं होतं, आणि काकूंनी त्यावरून त्यांना किती बोलून घेतलं होतं ते तुलाही माहीत आहे. फोनवर आधी हसले. म्हणाले, ‘पोरी, काकूचं झाकण सापडलं बघ!’ आणि मग म्हणाले, ‘ही मोडली होती ना गं?’ खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावरही बराच वेळ मी त्या प्रश्नापाशीच बसून होते.

मला आठवतं, तू शिकून आपल्याच कंपनीत पर्यावरणाचा साहेब होऊन परत आलास तेव्हा पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून सगळं समजावून सांगितलं होतंस. चुनखडी भाजली की कोळशाचा धूर निघतो तो वेगळाच, पण दगड स्वतःही वायू सोडतो, आणि तो वर जाऊन सगळ्या पृथ्वीला ऊब देतो. देश वाढतोय, लोकांना घरं हवीत, पूल हवेत, दवाखाने हवेत, म्हणून सिमेंट थांबवता येणार नाही. पण कमी जाळून करता येईल. नव्या भट्टीला कोळसा कमी लागेल, आणि भाजलेल्या दगडाचा बराचसा हिस्सा काढून त्या जागी भाजलेली चिकणमाती घालायची. मी प्रयोगशाळेतली बाई, मला शब्दांनी पटत नाही. पण ठोकळे पाडले, पाण्यात ठेवले, दाबयंत्राखाली फोडले, आणि पटलं. सुरुवातीला माल हळू घट्ट व्हायचा म्हणून गवंडी त्याला ‘झोपाळू’ म्हणायचे. एक मिस्त्री मला म्हणाला, ‘बाई, तुमचं सिमेंट जागं होईपर्यंत घरमालकाला नातवंडं होतील.’ मी त्यांच्याबरोबर उन्हात बांधकामांवर उभी राहिले, पाणी किती मारायचं, साचा कधी काढायचा ते त्यांच्याच पद्धतीने बसवून घेतलं. आज तोच मिस्त्री दुकानात जाऊन झोपाळू मागून घेतो. हे सगळं खरं होतं, इंजिन. अजूनही खरं आहे. म्हणून तर जास्त लागलं.

नव्या भट्टीला माणसं कमी लागणार हे तू पहिल्या दिवसापासून लपवलं नाहीस, एवढं श्रेय तुला देते. आणि कामगारांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं ते ऐकतील असं तू म्हणालास. ऐकलंही. कॅन्टीनमधल्या सभेच्या आदल्या दिवशी मी तुला माझं भाषण वाचून दाखवलं. त्यात मी लिहिलं होतं, ‘जुनी भट्टी आपण मोडणार आहोत.’ तू मला थांबवलंस. म्हणालास, ‘ताई, मोडणार नको म्हणूस गं. म्हाताऱ्यांच्या पोटात गोळा येईल. उतरवणार म्हण.’ मी तो शब्द खोडून दुसरा लिहिला. त्या क्षणी मला तुझा किती अभिमान वाटला हे मी यांनाही सांगितलं होतं. म्हटलं, शिकून एवढा मोठा झाला तरी पोराने माणसांची मनं सांभाळायचं सोडलं नाही. बाबांवर गेलाय.

सभेत क्रेनवाला उठला. तो तर कायमचाच घरी जाणार होता. त्याने विचारलं, ‘ताई, आम्ही काम सोडायचं आणि बदल्यात काय, तर धूर कमी होणार. होणार ना नक्की?’ मी हो म्हणाले. तो म्हणाला, ‘मग ठीक आहे. पोरांना सांगायला काहीतरी आहे.’ आणि त्यानेच ती भट्टी उतरवली. तुकडे किती जपून उतरवत होता! मी गमतीने म्हटलंही, अरे, भंगारच आहे, आपटलं तरी चालेल. तो म्हणाला, ‘साहेबांनी सांगितलंय, पत्र्याला पोचा येता कामा नये.’ मला वाटलं, जुन्या यंत्राला मान देताहेत. तोही आणि मीही भारावून गेलो होतो.

काकांच्या फोननंतर मी तुला लावला. मला वाटलं होतं तू म्हणशील, मला माहीत नव्हतं, वरच्यांनी परस्पर विकली. मी ते मानायलाही तयार होते. तुला कसं सांगू, मी तुझ्या वतीने तेवढं वाक्य मनात तयार करूनच फोन लावला होता. आणि तू म्हणालास, ‘ताई, मोडली असं मी कधी म्हणालो? उतरवली म्हणालो. ती उतरवलीच आहे.’ लहानपणी डब्यातली साखर संपली की तू आईला सांगायचास, मी डब्याला हात लावला नाही. हात लावलेला नसायचाच, झाकण कोपराने उघडून चमचा घातलेला असायचा. आई हसत-हसत पाहुण्यांना सांगायची, आमचं इंजिन वकील होणार. आम्ही सगळे हसायचो.

पुढे तू बरंच बोललास. पलीकडचे लोक आपल्याहून गरीब आहेत, त्यांनाही घरं बांधायची आहेत, नवी भट्टी घ्यायची त्यांची ऐपत नाही, श्रीमंत देशांनी आपल्या गळ्यात जुनी यंत्रं मारली तेव्हा कोणी रडलं नाही. यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि मी त्यावर तुझ्याशी भांडणार नाही. त्यांना घरं हवीतच. मग त्यांना चिकणमातीचं शिकवायला माणसं पाठवायची होतीस. मी स्वतः गेले असते, मिस्त्रीलाही नेलं असतं. पण तू हा मुद्दा सभेत का नाही मांडलास? कॅन्टीनमध्ये उभं राहून सांगायचं होतंस, की भावांनो, तुम्ही घरी जा, भट्टी तिकडे जाईल, धूर तोच राहील. तू हे बोलला नाहीस, कारण ते कोणी मान्य केलं नसतं. मीसुद्धा नाही. हिशोब तर अगदी सोपा आहे. आधी एक भट्टी जळत होती. आता दोन जळताहेत. आणि कंपनी जुनीचा धूर शून्य धरून जगाला सांगते आहे की आम्ही कमी केला. वरती गेल्यावर तो वायू कुठल्या बाजूने आला हे विचारायला कोणी बसलेलं नाही, हे तूच मला शिकवलंस, त्याच ओट्यापाशी बसून.

क्रेनवाला काल दुकानात भेटला. त्याला काकूंकडून कळलंय. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, ‘तरीच पोचा येऊ द्यायचा नव्हता,’ आणि दूध घेऊन गेला. एरवी मला नमस्कार करतो, तोही केला नाही. इंजिन, तू मला फसवलंस याचा राग मी कधीतरी सोडीन, बहीण आहे, सोडावाच लागतो. पण तू माझ्या तोंडून त्यांना फसवलंस. कंपनीचं तोंड होतं, ठेकेदाराचं होतं, तुझं स्वतःचं होतं. त्यासाठी माझंच का वापरलंस?

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते, कारण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस. तुझ्या ऑफिसातून निरोप आलाय, की धूर कमी झाल्याची पडताळणी करायला बाहेरून एक बाई येत्या सोमवारी येणार आहेत, आणि कामगारांच्या वतीने जुन्या भट्टीची रिकामी जागा त्यांना मी दाखवायची आहे. निरोपाच्या शेवटी तू तुझ्या हाताने लिहिलं आहेस, ‘ताई, फक्त उतरवली एवढंच म्हण, बाकी मी बघतो.’ मी तसं म्हणणार नाही. त्यांनी विचारलं की भट्टी कुठे आहे, तर ती कुठे आहे ते सांगेन, आणि काकांचा नंबर देईन. यात तुझी नोकरी जाईल हे मला कळतं. कदाचित माझीही जाईल. पण बाईंना हे माझ्याकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळावं अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून हे आधी पाठवते आहे. तुझे दाजी स्वतः हे पत्र तुझ्या हातात आणून देतील. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांनी वाचलेलं नाही. मी सोमवारी सकाळी आवारात असेन. क्रेनवालाही येतो म्हणाला आहे. बाई आधी तुझ्या खोलीत बसतील, चहा होईल, आणि पहिला प्रश्न त्या तुलाच विचारतील. त्यानंतर त्या माझ्याकडे येतील.

काही झालं तरी तुझीच,
ताई