तापल्या इंजनात गार पाणी

१२ मार्च १९८३, शनिवार

इंजन गेलं! लामजन्याच्या चढाला जीप थांबली ती थांबलीच. माझ्या श्रीमंतनं ट्रकच्या मागं दोर बांधून घरी आणली. तोंड असं, जसा बाप दुसऱ्यांदा मेला.

झालं काय — गाडी तापली, वाफ निघाली. रस्त्याला कुठं घोटभर पाणी न्हाई. गाडीत बसून लातूरच्या कचेरीला निघालेल्या बायांनी दया करून आपलं प्यायचं पाणी दिलं, अन् माझ्या शहाण्या लेकानं मातीच्या घागरीतलं गारेगार पाणी तसंच तापल्या इंजनात ओतलं. काडकन् आवाज आला म्हनं. तापल्या तव्यावर पाणी मारू नये, हे परकरातल्या पोरीलाबी कळतं!

"मला वाटलं, थंड होईल."

झालं की थंड. कायमचं.

१४ मार्च, सोमवार

विरूपाक्ष मिस्त्रीनं इंजन खोललं. अंगणात पोत्यावर समदं मांडलं, मयताचं सामान मांडावं तसं. बोट लावून दाखवलं — लोखंडाला चीर. केसाएवढी. मला तर चष्मा लावूनबी धड दिसंना.

"मावशी, चीर मी भरतो. आतून घासून नवे पिस्टन टाकतो, नव्या रिंगा टाकतो. तुमच्या मालकानं लिलावात घेतलेली मिलटरीची जात हाय ही. असं लोखंड आता इल्ला!" न्हाई म्हनायचं झालं की हा इल्ला म्हनतो. निलंग्यात त्याच्या हाताला तोड न्हाई म्हनतात लोक. लोक म्हंजे त्याचा भाऊ.

मालक गेल्यापासून जीप माझ्या नावावर. म्हनून समदे माझ्याच तोंडाकडं बघून राहिले. मला चालवाया येत न्हाई. पुढच्या सीटवर बसले की मळमळतं. मी काय सांगू? चालवनाराला इचारलं.

"माय, तू म्हनशील तसं."

१७ मार्च

नळ न्हाई. हौद कोरडा. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसली.

२० मार्च, रविवार

मुदखेडहून जावाई आले, शेषेराव. रेल्वेत हायेत, म्हनून दुनियेतल्या समद्या यंत्रांचं ज्ञान त्यांनाच. चीर बघितलीबी न्हाई. लांबूनच म्हनले, "मामी, मेलेल्याला सलाईन लावू नका. नांदेडात मोडक्या मेटाडोरचं डिझेल इंजन हाय, मी बघून ठेवलंय. तेच टाका. आता जिल्हा लातूर झाला. कोर्ट, कचेरी, शिक्का, समदं तिथं. उस्मानाबादला जाणारी माणसं आता तिकडं पळणार. पेट्रोलवर किती फेऱ्या परवडतील?"

पटलं.

तेवढ्यात विरूपाक्ष आला. "अन् डिझेलच्या दणक्यानं जीपची हाडं खिळखिळी होतील, त्याचं काय?"

तेबी पटलं! मला समद्यांचंच पटून राहिलंय. हे म्हातारपण हाय का खुळेपण?

दोघं लई भांडले. दोघांनाबी अर्धा अर्धा कप चहा दिला. जावयाला अर्धा कप देताना लाज वाटली, पर पाणी कुठंय?

श्रीमंत उंबऱ्यात बसून नखं काढत व्हता.

२३ मार्च

मळ्यावाले गुरुपादप्पा वाट वाकडी करून आले. त्यांच्या विहिरीनं तळ दाखवला, वरचं पाणी उपसायचं इंजन बेकार पडलंय. "धुरपता, माझं घेऊन जा. तुझी गाडी पळंल, माझं गंजायचं वाचंल."

मला वाटलं, सुटले! दोन घरी सांगूनबी आले.

सून हसली. "आत्या, ते इंजन विहिरीच्याच पाण्यानं थंड राहतंय. जीपच्या मागं विहीर बांधून न्यायची का?"

सुनेनं सासूला हसावं हे बरं न्हाई. पर सिंधू बरोबर बोलली, हे त्याहून बरं न्हाई.

३० मार्च

सकाळी वाटतं दुरुस्ती. दुपारी वाटतं डिझेल. सांजच्याला वाटतं, भंगारवाल्याला बोलवावं अन् अंगण मोकळं करावं.

पर गाडी न्हाई तर श्रीमंत काय करंल? शेजारच्या केरबाचा लेक ऊस तोडाया गेला तो तिकडचाच झाला. हाबी जाईल. माझं काय अडत न्हाई म्हना. पर दिसभर एकट्या सिंधूचं तोंड कोण बघत बसंल?

२ एप्रिल, शनिवार

श्रीमंत एस्टीनं लातूरला गेला. सुटे भाग बघतो म्हनला. हात हलवत आला.

"मिळाले का?"

"बघू."

दाढी करून गेला व्हता. भंगार बघाया दाढी कशाला!

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. दरसाल बाबासाहेबांचा फोटो आमच्या जीपवर निघतो. औंदा बैलगाडीत. बैलं बँडला बुजली. समदी वस्ती माझ्याकडं बघत व्हती. का मलाच तसं वाटलं?

१५ एप्रिल

ठरलं. डिझेल. बास!

बरोबर का चूक, ठाव न्हाई. पर इचार करून करून माझ्याच डोक्याला चीर पडायची.

विरूपाक्षला सांगितलं. तो थुंकला अन् म्हनला, "बसवीन मीच. पर हाडं मोडली तर मला बोलायचं न्हाई." बोलनार तर हायेच.

श्रीमंतला सांगितलं. त्यानं टायर दाबून बघितलं. मग म्हनतो, "माय, घाई नको करू."

इतके दिस 'तू म्हनशील तसं', अन् म्हनलं तवा घाई! इथं लिहू नये अशी शिवी दिली.

२६ एप्रिल, मंगळवार

इंजन आलं, नांदेडहून टेम्पोत, जावयासकट. विरूपाक्षनं बसवलं. चालू केलं तवा फळीवरची ताटली पडली. हिवताप भरल्यासारखी जीप थरथरती. पर चालती! जावाई म्हनतात, बघा. विरूपाक्ष म्हनतो, बघाच.

श्रीमंत पुन्हा लातूरला. ज्याच्यासाठी एवढं केलं तोच न्हाई. मग विरूपाक्षनंच वस्तीला चक्कर मारली.

२९ एप्रिल, शुक्रवार

पाण्याचा टँकर आला. नवा कोरा, दारावर लातूर जिल्हा लिहिलेला. मी हंडा घेऊन पुढं घुसले. डायवर उतरला — खाकी शर्टातला श्रीमंत. सरकारी नोकरी लागली म्हनं. सिंधूला ठाव व्हतं. रांगेतल्या बायांनाबी ठाव व्हतं.

"मला कधी सांगनार व्हतास?"

"तू इंजनाचंच इचारत व्हतीस." त्यानं पाइप सोडला. "मागं व्हय, माय. नंबरानं."

गेले मागं.