आर ड्राइव्हवरची दुपार

१६ सप्टें., मंगळ

नाही, आधी तू गप्प बस. ‘बॅकअप घे’ हे मला कोणी शिकवायचं नाही. हार्दिक शिकवून गेला, बाबा रोज शिकवतात, आणि हे वाचणारा तू जो कोण असशील, तूही तेच बोलायला तोंड उघडून बसलायस. माहितीये मला बॅकअप काय असतो. माझा प्रश्न तो नाहीच.

माझा प्रश्न हा की आई बोलत असते, मी टाइप करत असतो आणि मशीन अडकतं.

बाबांच्या मकरपुऱ्याच्या कंपनीने ड्रॉइंगवाल्यांचे जुने कॉम्प्युटर काढले, त्यातला एक बाबा रिक्षात घालून घरी घेऊन आले. रॅम बत्तीस जीबी. हार्ड डिस्क आदिमानवाची. सेव्ह दाबलं की घरघरते, कर्सर गोठतो, आई वाक्याच्या मध्येच थांबते. “चालू दे तुझं यंत्र, मी कुकर लावून येते.” ते वाक्य मग कुकरबरोबर जातं. परत येत नाही.

आज हार्दिकने इलाज केला. कॉलेजपासूनचा मित्र, मशीनातलं त्याला कळतं. “बत्रीस जीबी छे ने तू वापरे छे चार. बाकीनी ऊंघे छे, भाई.” त्या झोपलेल्या रॅममधून निम्मी कापून त्याने एक खोटी डिस्क बनवली. नाव आर. दिसते डिस्कसारखी, वागते डिस्कसारखी, पण आहे नुसती रॅम. सेव्ह दाबलं की बोट उचलायच्या आत सेव्ह. वर्डच्या स्वतःच्या तात्पुरत्या फायलीपण तिथेच वळवल्या. रॉकेट.

जाताना: “मशीन बंद, तो बधुं साफ. रोज कॉपी मारजे.”

म्हणजे बंद केलं की आरवरचं सगळं पुसलं जाणार; त्याआधी ते आपोआप हार्ड डिस्कवर उतरवायची सोय आहे. पण ही डिस्क तेवढं उतरवायला अर्धा तास घेईल. टिक काढून टाकली. तसंही मी मशीन बंद करतच नाही. यूपीएस आहे. संध्याकाळी पेनड्राइव्हवर कॉपी, संपलं.

१८ सप्टें.

आईला आर ड्राइव्ह समजावला. ती गणित शिकवते, सकाळपाळीची शाळा, तिला गोष्टी नीट लागतात.

“म्हणजे हार्ड डिस्क हे फडताळ आणि हा तुझा ओटा.”

हो, तेच.

“ओट्यावर काम भराभर होतं. पण ओटा पुसायचा असतो.”

मी म्हटलं, तू कादंबरी लिही, मी शाळेत जातो.

माझ्या कादंबरीबद्दल: दोन वर्षं. भाषा चकचकीत, आत माणूस नाही (हे एका संपादकाने कळवलं, शब्द त्याचेच). ते वाचून मी जेवलो नाही तेव्हा आईच म्हणाली, “माझं लिही. मला अजून कोणी विचारलेलंच नाही.”

अट एकच. फोनवर रेकॉर्ड करायचं नाही. मागे तिचं गाणं मी रेकॉर्ड केलं, ते फॅमिली ग्रुपवर गेलं, मावशीने खाली हसरे चेहरे टाकले. “मी यंत्राला नाही सांगत आहे. तुला सांगतेय.”

बरं.

२२ सप्टें., घट बसले

मी दोन वर्षांचा असताना आई घर सोडून गेली होती.

हे मला आज कळलं. घरात नेहमी ‘आईची सावली गावाला बदली झाली होती तेव्हा’ असं म्हणतात. बदली कसली. तिने स्वतः सावलीच्या शाळेत अर्ज केला, खोली घेतली, मला आत्याकडे ठेवलं आणि गेली. भांडण नाही, मारहाण नाही. “तुझ्या बाबांचा काही दोष नाही, तसं लिहून ठेव.”

खोली पिठाच्या गिरणीला लागून. “दिवसभर पीठ उडायचं. संध्याकाळपर्यंत केस पांढरे. आरशात बघून मला हसू यायचं, कोण ही म्हातारी. आणि कोणी मला कोणाची बायको म्हणून ओळखत नव्हतं.”

मी लिहीत राहिलो. मशीन एकदाही अडकलं नाही. कॉपी केली.

२६ सप्टें.

परत सावली. भाजीवाली, हेडमास्तर, एकटीने खाल्लेला पहिला आख्खा आंबा. काय बोलते ही बाई! मी दोन वर्षं जे शोधत होतो ते या घरात भाकऱ्या थापत होतं.

स्पीड जबरदस्त आलाय. ती बोलते आणि अक्षरं उमटतात, मधे मी नाहीच. हेच तर हवं होतं, लेखक गायब.

मधेच म्हणाली, “वर बघ की जरा.” म्हटलं, थांब, वाक्य पुरं होऊ दे.

कॉपी केली.

३० सप्टें., अष्टमी

आज ती परत का आली ते सांगितलं. दुपारभर. चहा गार झाला, तिने घेतला नाही.

“तुझ्यासाठी नाही परत आले,” म्हणाली. आणि माझी बोटं थांबली नाहीत! हे ऐकूनही! असं वाटलं की आज मी लेखक झालो.

पेनड्राइव्ह हार्दिककडे. सोसायटीच्या गरब्याची गाणी त्यात भरून नेलीत. उद्या घेईन. मशीन चालूच आहे.

बाबा जेवताना: “उद्या खंडेनवमी. हत्यारं बाहेर काढा.” दरवर्षीचं. पाना, पक्कड, विळी, आईची शिलाई मशीन. ज्याच्यावर पोट भरतं त्याला एक दिवस सुट्टी, हात लावायचा नाही.

गरब्याला चाललो. पाय थांबत नाहीयेत.

१ ऑक्टो.

उठलो तेव्हा खोली शांत होती. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मशीनचा नाही.

मॉनिटरवर हळदकुंकू. कीबोर्डवर झेंडूची फुलं. सीपीयूला हार.

आई: “यावर्षी तुझं पण हत्यार ठेवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर काही शिजतंय.”

बंद कसं केलंस?

“तू शिकवलंस तसं. सेव्ह करू का विचारलं त्याने. मी सेव्ह दाबलं. मग बंद केलं.”

सेव्ह दाबलं. आर ड्राइव्हवर.

मी बटण दाबलं. फुलं खाली पडली. बाबा आतून ओरडले, “केदार! आज हात लावायचा नाही!” मशीन सुरू झालं, आर ड्राइव्ह आला. स्वच्छ. एक फाइल नाही. धुऊन ठेवलेल्या पातेल्यासारखा.

बाकी सगळं पेनड्राइव्हवर आहे. सावली आहे, गिरणी आहे, आंबा आहे. फक्त अष्टमी नाही.

२ ऑक्टो., दसरा

हार्दिक फाफडा-जलेबी घेऊन आला. खाल्ली नाही. म्हटलं, काढून दे काहीतरी, तू नेहमी लोकांचे फोटो काढून देतोस ना.

“हार्ड डिस्क होत तो कईंक काढी आपत. आ तो...” हवेत हात फिरवला. “हतुं ज नहि एवुं.”

हार्ड डिस्क असती तर काहीतरी निघालं असतं. हे म्हणजे नव्हतंच असं.

मग जलेबी संपवून म्हणाला, “पण तू तर समोर होता ना? आठवून लिही ने.”

याला कसं सांगू.

४ ऑक्टो.

आठवतंय ते: एक स्वल्पविराम मी काढला आणि परत टाकला. ‘स्टँड’ की ‘डेपो’ यावर घोळ घातला. तिच्या एका वाक्यात ‘पण’ दोनदा आलं, एक उडवलं. पान बदललं.

पहाटेची एसटी होती. सूटकेस मोडकी होती. शेजारी कोणी बाई बसली होती, तिने काहीतरी विचारलं. आईने काहीतरी उत्तर दिलं. मग ‘तुझ्यासाठी नाही परत आले’.

आणि मग ‘परत आले ते’. त्याच्यापुढे काही नाही.

बोटांनी ऐकलं. मी नाही ऐकलं. आणि बोटांना विचारता येत नाही.

७ ऑक्टो.

विचारलं शेवटी. ती पेपर तपासत होती.

“आई, ते परत एकदा सांग ना.”

“काय?”

“सावलीहून का आलीस.”

लाल पेन तसंच धरून ठेवलं तिने.

“समोर बसला होतास ना?”

“टाइप करत होतो.”

“हो. ते दिसत होतं.”

पुढचा पेपर घेतला. मी उभाच.

“बंद केलं की जाईल हे तुला माहीत होतं?”

“तूच सांगितलं होतंस.”

“मग?”

“मग काय. खंडेनवमी होती.”

एवढंच. एका पोराला पाच मार्क दिले, मग खोडून सहा.

मुद्दाम केलं? की विसरली? की दोन्ही नाही, नुसती पूजा? चेहऱ्यावर काही दिसत नाही. किंवा मला चेहरा वाचता येत नाही, कारण मी कधी वर बघितलेलंच नाही.

९ ऑक्टो.

बाबांना वर अगाशीत गाठलं. पाण्याची टाकी बघत होते. सरळच विचारलं, आई सावलीहून परत का आली.

टाकीचं झाकण लावलं. हात पुसले.

“मी नाही विचारलं.”

“कधीच?”

“आली. दार उघडलं. चहा केला मी. पुरे झालं की.” मग: “का? तुला सांगितलं का तिने?”

हो म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं! इतकी वर्षं पोटात धरून ठेवलेली भूक असावी तसं. “काय म्हणाली?”

मी काय सांगणार? मी म्हटलं, नंतर सांगतो. खाली आलो. बाथरूममध्ये नळ सोडून बसलो.

म्हणजे अख्ख्या जगात तिने हे एकदाच सांगितलं. एकालाच. आणि त्याने ते ओट्यावर ठेवलं.

१२ ऑक्टो.

लिहितोय. पुसतोय. माझ्या वाक्यात ती ‘पोकळी’ म्हणते. आई आयुष्यात पोकळी म्हणालेली नाही. दुसऱ्या खर्ड्यात ती रडते. तिसऱ्यात मी तिला आठवतो, म्हणजे परत मीच.

मशीन कसं सुसाट चाललंय. नुसता वेग, आत काही नाही. माझ्यासारखंच आहे.

बाबा: “नंदेसरीत एकाला ऑफिसात माणूस हवाय. बघून तरी ये.” जातो म्हटलं. कशाला राहू इथे. दुपारी आईची ती खुर्ची रिकामी असते, तिच्यासमोर बसवत नाही.

आई बोलते माझ्याशी. भाजी काय करू, टॉवेल कुठे टाकलास. सगळं बोलते. तेवढं सोडून.

१५ ऑक्टो.

दिवाळीची साफसफाई चालू. आई जुने डबे पुसत होती. एकदम म्हणाली, “वाच. काय लिहिलंस ते वाच.”

छापलेली पानं आणली. खुर्चीत बसली ती. बाबा दारात येऊन उभे राहिले, फडकं हातात. त्यांना जा कोणी म्हटलं नाही.

वाचलं. खोली, गिरणी, पांढरे केस. बाबा कधी नव्हे ते हसले. आंबा. मग एसटी. मग शेजारची बाई. मग ‘तुझ्यासाठी नाही परत आले’. पुढे माझं. सकाळी लिहिलेलं. बनवलेलं. तेही वाचलं, तिच्या तोंडात घालून:

“परत आले ते, सावलीला माझी मी राहून बघितलं म्हणून. जमलं. मग आता कुठेही राहिले असते. मग घरीच का नको.”

पान खाली ठेवलं.

आणि वर बघितलं. आईने चष्मा काढला होता. डोळे इतके उघडे मी कधी पाहिले नव्हते. ते ‘हेच’ होतं, की ‘हे कुठून आणलंस’ होतं? बाबा तिच्याकडे बघत होते. तिने श्वास घेतला. “केदार...”

मी उठलो. “दूध आणतो.”

“दूध आहे,” बाबा म्हणाले.

चप्पल घातली, ही वही उचलली, उतरलो. आता खाली स्कूटरवर बसून हे लिहितोय. तिने ‘नाही’ म्हटलं तर संपलं. तिने ‘हो’ म्हटलं तर ते खरंच हो, की माझी कीव, हे मला कोण सांगणार? तू? तू तर

वरती गॅलरीचं दार वाजलं. तिने हाक मारायच्या आत निघतो.